मसाल्याची भिंत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी कवितेवर बोलणार नाही. मसाल्याच्या डब्यांवर बोलणार आहे. शहरातल्या लहान घरात मसाले ठेवायचे कुठे, हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असणार. आमचं स्वयंपाकघर सहा फूट बाय सात फूट. त्यात ओटा, फ्रीज, पाण्याचं पिंप, गॅसचा सिलिंडर आणि माणसं दोन. एकाला वळायचं असलं की दुसऱ्यानं भिंतीला लागून उभं राहायचं, असा आमचा अलिखित करार आहे.

अशा घरात मसाले किती असावेत? मी एकदा सहज मोजले. मोहरी, जिरं, मेथ्या, हिंग, हळद, तिखट, धणे आणि धणेपूड हे रोजचे. मग दालचिनी, लवंग, हिरवे वेलदोडे, मसाला वेलदोडे, शहाजिरं, जायपत्री, जायफळ, तमालपत्र, चक्रीफूल, खसखस, बडीशेप, मिरी, सुंठ. त्यावर उन्हाळ्यात करून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, शेजारच्या वहिनींनी दिलेला गोडा मसाला आणि बिर्याणीचा वेगळा गरम मसाला. झाले २४. ईदला बिर्याणी आणि बुधवारी आमटी अशी ज्या घराची जीभ दोन्हीकडची आहे, तिथे डबेही दोन्हीकडचे साठत जातात. मराठीत 'पेव फुटणं' म्हणतात, तसं आमच्या फळीवर डब्यांचं पेव फुटलं होतं. पेवाचा विषय आला आहे तर त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे.

मराठी घरानं या पसाऱ्यावर फार पूर्वीच तोडगा काढला आहे: मिसळणाचा डबा. एक गोल डबा, आत सात वाट्या, एक चिमुकला चमचा, वर घट्ट झाकण. एवढी शहाणी वस्तू स्वयंपाकघरात दुसरी नाही, असं माझं मत आहे. कारण फोडणीला वेळ नसतो. तेल तापलं, मोहरी तडतडली, की जिरं, हिंग, हळद यांच्या वाट्याला मिळून काही सेकंद येतात. तेवढ्यात चार बरण्यांची फिरकीची झाकणं कोण उघडत बसणार? मिसळणाच्या डब्याचं एक झाकण काढलं की सगळं समोर.

पण या डब्यात एक खोट आहे. नजर चांगली असलेल्या माणसाला ती आयुष्यात जाणवत नाही. डबा गोल आहे, आणि गोल डब्याला पुढची बाजू नसते. घड्याळात बारा वर असतात, पुस्तकाला पहिली ओळ असते. मिसळणाचा डबा फळीवरून उतरवताना थोडा फिरला, की काल जिथे हळद होती तिथे आज तिखट येतं. बघणारा बघून घेतो. न दिसणाऱ्यानं काय करायचं? मोहरी, जिरं, मेथ्या बोटांना ओळखू येतात. पूड मात्र बोटांना पूडच लागते.

आमच्या घरात हे २०२१ च्या पावसाळ्यात कळलं. मुलीला खोकला झाला होता. माझ्या पत्नीनं रात्री तिला हळदीचं दूध करून दिलं. मुलीनं एक घोट घेतला आणि ती मोरीकडे धावली. दुधात हळदीऐवजी तिखट पडलं होतं. आम्ही हसलो, पत्नीही हसली. पण त्याच महिन्यात कपाटाचं उघडं दार दोनदा तिच्या कपाळाला लागलं, आणि एकदा भरलेलं भांडं ओट्याच्या कडेवरून खाली गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचबिंदू सांगितला.

मोतीबिंदू सगळ्यांना माहीत असतो. शस्त्रक्रिया झाली की माणूस पुन्हा पेपर वाचू लागतो. काचबिंदूचं तसं नाही. त्यात डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. दुखत नाही, खुपत नाही. बहुतेकदा बाजूचं दिसणं आधी कमी होतं आणि मधलं शेवटपर्यंत टिकून राहतं, म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय. गेलेली नजर परत येत नाही. थेंब नेमानं घातले आणि डोळ्यातला दाब ताब्यात राहिला, तर उरलेली नजर बहुतेक वेळा सांभाळता येते. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब अधूनमधून तपासून घ्यावा, ज्यांच्या घरात आधी कुणाला काचबिंदू होता त्यांनी तर नक्कीच, एवढं या निमित्तानं सांगतो आणि पुढे जातो.

नातेवाईक आले. त्यांनी प्रेमानंच सल्ला दिला की आता स्वयंपाकाला बाई लावा, गॅसजवळ हिला जाऊ देऊ नका. पत्नी शाळेत मराठी शिकवते, अजून नोकरीत आहे. ती शांतपणे ऐकत होती. सगळे गेल्यावर मला म्हणाली, "अहो, मला दिसत नाही असं नाही. मला डबा सापडत नाही. या दोन वाक्यांत फरक आहे."

व्याकरण शिकवणाऱ्या बाईचं हे म्हणणं मला आजही फार मोलाचं वाटतं. दिसणं डॉक्टरांच्या हातात आहे. सापडणं आमच्या हातात होतं.

तिची पहिली मागणी, कपाटाची दारं काढून टाका. ती काढली. पण उघड्या कपाटात पुढच्या डब्यामागे दुसरा डबा राहतोच, आणि मागचा घ्यायला गेलं की पुढचा पडतो. लहान घरातल्या फळीचं हे कायमचं दुखणं आहे. फळीला खोली असते, आणि त्या खोलीत वस्तू हरवतात. डबे एकामागे एक न ठेवता एकाशेजारी एक ठेवायचे, तर भिंत हवी. भिंत होती, फ्रीज आणि दार यांच्यामधली, जिच्यावर आम्ही इतकी वर्षं फक्त कॅलेंडर लावत आलो.

याच सुमारास मुलीनं चुंबकाचे डबे मागवले. आता ते शहरात सगळीकडे मिळतात. तळहातावर मावेल एवढा गोल, उथळ डबा, तळाला चुंबक, वर काचेचं झाकण. असे बारा. "अब्बा, फ्रीजच्या दारावर लावून टाकू," ती म्हणाली. लावायला गेलो तर एकही चिकटेना. आमच्या फ्रीजचं दार काचेचं आहे. अलीकडच्या बऱ्याच फ्रीजना पुढून काच असते. कुशीचा पत्रा बहुधा लोखंडाचाच असतो, पण आमच्या फ्रीजची एक कूस भिंतीला आणि दुसरी ओट्याला टेकलेली.

मी बी. ए., तेही मराठी घेऊन. चुंबकाबद्दल माझं ज्ञान शब्दापुरतं. संस्कृतात चुंबक म्हणजे चुंबन घेणारा. फारसीत त्यालाच आहनरुबा म्हणतात, म्हणजे लोखंड पळवणारा. एकीकडे प्रियकर, दुसरीकडे दरोडेखोर, आणि काम तेच. पण शब्दांवर डबे चिकटत नाहीत. म्हणून इमारतीतल्या एका विज्ञानशिक्षकांना गाठलं. त्यांनी तासभर समजावलं, त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगतो.

पहिली गोष्ट, सगळ्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. भांड्यांच्या दुकानात जुनी बायामाणसं चुंबक लावून बघायची आणि चिकटलं नाही की म्हणायची, माल चांगला आहे. ते बरोबरच होतं. ज्या स्टीलमध्ये निकेल पुरेसं असतं ते सहसा चुंबकाला दाद देत नाही. आपल्याला मात्र उलटं हवं. मी माझ्या बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं काळं, कडं असतं तसं चुंबक खिशात घालून बाजारात हिंडलो. दुकानदार चमकदार स्टीलचे पत्रे दाखवत, आणि चुंबक घरंगळून खाली पडे. शेवटी ग्रिलची कामं करणाऱ्याकडे साधा लोखंडी पत्रा मिळाला.

दुसरी गोष्ट, पत्रा फार पातळ घेऊ नये. पातळ पत्र्यात चुंबकाचा जोर पुरता मुरत नाही. आम्ही दीड मिलिमीटरचा घेतला, दोन फूट बाय दीड फूट. वजन तीन किलोंच्या थोडं वर भरलं. भिंतीला सहा भोकं, प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि स्क्रू. नुसत्या चिकटपट्टीवर एवढं वजन टांगू नका, विशेषतः ओल येणाऱ्या भिंतीवर.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. डबा सरळ ओढून काढायला जेवढं बळ लागतं, त्यापेक्षा तो खाली घसरायला फार कमी बळ पुरतं. वेष्टनावर 'इतकं वजन पेलतो' असं लिहिलेलं असतं ते बहुधा सरळ ओढीचं. भिंतीवर तर सगळा प्रश्न घसरण्याचा आहे. म्हणून पत्र्यावर प्रत्येक ओळीखाली रबराची एक अरुंद पट्टी चिकटवली. डबा तिच्यावर टेकतो, चुंबक त्याला भिंतीशी धरून ठेवतं. या पट्टीचा आणखी एक उपयोग झाला, तो पुढे सांगतो.

रंगाचं पत्नीनं ठरवलं. चकचकीत पत्र्यावर चकचकीत डबे म्हणजे ट्यूबलाइटखाली नुसती लखलख, आणि काचबिंदूत लखलख फार त्रास देते. म्हणून पत्रा गडद निळा, बिनचमकीचा. त्यावर फिके डबे उठून दिसतात. रंगाचा हात पातळ दिला, कारण चुंबक आणि लोखंड यांच्यामध्ये जे काही येतं ते पकड कमी करतं.

आता काचेची झाकणं. दुकानात ती फार देखणी दिसतात, लाल, पिवळं, तपकिरी, रंगपेटीसारखी. मसाल्याला मात्र हा देखणेपणा मानवत नाही. हळदीचा पिवळा रंग उजेडात उडतो. तिखटाचा लाल रंग उजेड आणि हवा दोन्हींनी फिका पडतो. उष्णतेनं वास उडतो, वाफेनं गुठळ्या होतात. गॅसच्या वरच्या भिंतीवर मसाले मांडायची हल्ली पद्धत आहे. हाताशी येतात हे खरं, पण ती जागा मसाल्याला सगळ्यात वाईट. खालून आच, वरून वाफ. शिवाय ही छोटी जोरकस चुंबकंदेखील फार तापली तर दुबळी होतात.

हळदीचं मला थोडं जास्त ठाऊक आहे. मी मिरजेचा, आणि माझे वडील सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या कितीही धुतल्या तरी पिवळ्याच राहायच्या. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे हळद जमिनीखाली पेवांत ठेवत. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. हळकुंडं भरून तोंड बंद केलं की आत उजेड नाही, हवा खेळत नाही, किडीला जगायला वाव नाही. हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. आतली कोंडलेली हवा माणसालाही मारू शकते, म्हणून ते आधी काही वेळ उघडं ठेवायचे. २००५ च्या महापुरात या पेवांचं फार नुकसान झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वडील हयात नव्हते. असते तर म्हणाले असते, शिक्का ठीक आहे, पण माल अंधारात ठेवा.

त्या पेवांपुढे आमचा काचेच्या झाकणाचा डबा म्हणजे भर चौकातलं घर. उपाय दोन केले. पत्र्यासाठी अशी भिंत धरली की जिच्यावर ऊन येत नाही आणि जी गॅसपासून अर्धी गिरकी घेतल्यावर हाताशी येते. आणि डब्यात माल थोडाच भरायचा. एका डब्यात पन्नास-साठ ग्रॅम पूड मावते, तिखट-हळद महिन्याच्या आत संपते. बाकीचा साठा बरण्यांत, खालच्या अंधाऱ्या कप्प्यात. तिखटाच्या बरणीत हिंगाचा खडा असतो, तो आमच्या अम्माच्या वेळेपासूनच. जायफळ, चक्रीफूल, दालचिनी हे अख्खे जिन्नस अख्खे असेपर्यंत पुष्कळ टिकतात. पूड केली की वास निघून जायला वाट मिळते. म्हणून अख्खे मसाले भिंतीवर नाहीत. ते एका चपट्या डब्यात एकत्र, आणि ते पत्नीला बोटांनी कळतात.

राहता राहिली मांडणी. मी सुचवलं, वर्णानुक्रमे लावू. पत्नी म्हणाली, "म्हणजे फोडणी शब्दकोश बघून द्यायची?" तिनं वेगळाच क्रम लावला. मधली ओळ खांदा आणि कोपर यांच्यामधल्या उंचीवर. त्यात तेलात जे ज्या क्रमानं पडतं त्या क्रमानं मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, धणेपूड. वरच्या ओळीत मसाल्यांच्या पुडी, खालच्या ओळीत मेथ्या, बडीशेप, खसखस वगैरे, जे रोज लागत नाही. आमची अम्मा असती तर तिनं हीच ओळ उजवीकडून लावली असती. तिला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. पण अम्मानं डब्यावर कधी काही लिहिलं नव्हतं. तिच्या मांडणीवरच्या डब्यांना जागा होत्या, आणि जागा हेच त्यांचं नाव होतं.

रबराच्या पट्टीचा दुसरा उपयोग इथे आला. पत्नीचं बोट पट्टीवर डावीकडून सरकतं. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा हळद. गोल डब्यात चौथा असा कुणी नसतो, भिंतीवर असतो. डबा परत लावला की 'टक' असा आवाज येतो, म्हणजे बसला. आवाज आला नाही तर तो पट्टीवर नुसता टेकलेला आहे, पडेल.

तरीही पुडींसाठी ओळख हवी होती. कारण घरात चार हात वावरतात, आणि ईदच्या दिवशी चौदा. झाकणांवर पत्नीनं वेगवेगळे तुकडे चिकटवले. तिखटावर पॉलिश पेपर. "हात लावताच बोचलं पाहिजे," असं तिचं म्हणणं. हळदीवर जुन्या ब्लाउजच्या मखमलीचा गोल, धणेपुडीवर काथ्याची एक गाठ. त्यानं उजेडही आपोआप अडला. देखणी म्हणून घेतलेली झाकणं अशी झाकली गेली, आणि मुलगी आठवडाभर नाराज होती. आता तिच्याच मैत्रिणी घरी आल्या की झाकणांवरून हात फिरवून ओळखायचा खेळ खेळतात.

घरात एक नियम झाला आहे. डबा जिथून काढला तिथेच परत. पाहुण्यांनाही सूट नाही. एक नातेवाईक बाई मदतीला आल्या आणि त्यांनी मोठ्या हौसेनं सगळे डबे पुसून, रंगसंगती साधून लावून ठेवले. संध्याकाळी पत्नीनं काही न बोलता बाराही डबे उतरवले, ओट्यावर ओळीनं ठेवले, एकेक उघडून वास घेतला आणि पुन्हा लावले. तेवढा वेळ स्वयंपाकघरात कुणी आत गेलं नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. लहान मूल असलेल्या घरात डब्याच्या तळाचं चुंबक सुटं होत नाही ना, हे अधूनमधून बघा. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर ती आतड्यांच्या पदरांतून एकमेकांना खेचतात आणि जिवावर बेततं. गिळल्याची शंका जरी आली तरी थेट रुग्णालय गाठायचं. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी अशी चुंबकं छातीजवळ धरू नयेत, खिशात तर नाहीच.

मिसळणाचा डबा आम्ही मोडीत काढलेला नाही. तो मुलीनं मागून घेतला आहे. लग्नानंतर ती कुठे राहील आणि तिचं स्वयंपाकघर किती फुटांचं असेल, देव जाणे. मीठही पत्र्यावर नाही. मीठ लोखंडाला खातं आणि स्टीललाही डाग पाडतं. ते अजून चिनी मातीच्या बरणीत, ओट्याच्या उजव्या टोकाला आहे.

दर रविवारी सकाळी डबे भरायचं काम माझ्याकडे असतं. कोरडा चमचा, कोरडे हात, एका वेळी एकच डबा उतरवायचा. भरून झालं की पत्नी येते, पट्टीवरून बोट फिरवते, आणि मग चहा टाकते.